ब्लास्ट पेशींमधला सिग्नल मोजून औषधाचा डोस ठरवता येतो का?

प्रश्न असा आहे: एएमएल या तीव्र रक्तकर्करोगासाठी, पेशीला वाढीचा संकेत देणारं एफएलटी३ हे कायनेज रोखणारा एक नवा रेणू हाताशी आहे. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांच्या ब्लास्ट (अपक्व कर्करोगी) पेशींमधलं फॉस्फोरिलेशन, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढणं, फ्लो सायटोमेट्रीवर (रंगवलेली एकेक पेशी लेसरने मोजणाऱ्या तंत्राने) मोजायचं आणि त्यावरून डोस ठरवायचा, असा बेत आहे. नमुने नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून मुंबईला कुरिअरने येणार आहेत. कोणते मार्कर घ्यावेत, वेस्टर्न ब्लॉटवर (पेशी फोडून त्यांचं प्रथिन एकत्र मोजण्यावर) भागेल का, आणि मास सायटोमेट्रीचा (रंगाऐवजी धातू वापरून मोजणाऱ्या तंत्राचा) खर्च करावा का?

मार्करच्या यादीकडे नंतर वळू. आधी कुरिअरचं बघू, कारण बेत तिथेच फसतो.

कायनेज प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, फॉस्फेटेज ते उतरवतं, आणि हा खेळ मिनिटांच्या हिशेबात चालतो. नळीत काढलेलं रक्त गार होतं, त्यातलं ग्लुकोज कमी होत जातं, पेशी ताणाखाली येतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या नमुन्यात तुम्ही जे मोजाल ते प्रवासाचं मोजमाप असेल, रुग्णाचं नव्हे. सीडी३४, सीडी३३ यांसारखे पृष्ठभागावरचे मार्कर हा प्रवास बऱ्यापैकी सोसतात. म्हणून निदानासाठीचं इम्युनोफेनोटायपिंग (अशा मार्करवरून पेशी ओळखणं) दुसऱ्या दिवशीही करता येतं. त्या कामात मुरलेल्या लॅबला फॉस्फो-फ्लो (फ्लो सायटोमेट्रीवर फॉस्फोरिलेशन मोजणं) म्हणजे त्याच मशीनवर चार नव्या अँटिबॉडी एवढंच वाटतं. तसं ते नाही.

याहून मोठा घोळ पेशी धुण्यात आहे. औषध चालू असलेल्या रुग्णाचं रक्त फायकोल या द्रावणावर घालून पेशी वेगळ्या केल्या, दोनदा बफरने धुतल्या, की लक्ष्याला सैल बांधला जाणारा इनहिबिटर (रोखणारं औषध) पाण्याबरोबर निघून जातो. पेशीतला सिग्नल पुन्हा उसळतो आणि अहवालात लिहिलं जातं की औषध लक्ष्यावर लागत नाही. इब्रुटिनिबसारखी सहसंयुज बंधाने कायमची चिकटणारी औषधं याला अपवाद. तुमचा रेणू त्या जातीचा नसेल, तर पेशी आधी फिक्स करायच्या (रसायनाने आहे त्या स्थितीत पक्क्या करायच्या) आणि मगच धुवायच्या, याला पर्याय नाही.

म्हणजे फिक्सेटिव्ह रुग्णाच्या खाटेजवळ न्यायचं. हेपरिनची नळी घ्या. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे पेशींना बाहेरून चेतवून बघायचं असेल तर ते आडवं येतं. रक्त काढल्यावर काही मिनिटांतच त्यात फॉर्माल्डिहाइड असलेलं, तांबड्या पेशी फोडणारं द्रावण घालायचं, ठरलेला वेळ घड्याळ लावून मोजायचा आणि मग उणे ८० अंशांवर ठेवून द्यायचं. तिथून पुढे सुक्या बर्फात आठवडाभराने आलं तरी चालेल. प्रत्येक केंद्रावरच्या नर्सला आणि तंत्रज्ञाला हे हातात हात धरून शिकवावं लागतं. छापील एसओपी (कार्यपद्धती) पाठवून काम होत नाही. आणि एका रुग्णाचे सगळे वेळांचे नमुने एकाच दिवशी, एकाच लॉटच्या अँटिबॉडीने रंगवा. पहिल्या दिवसाचा नमुना जूनमध्ये आणि पंधराव्या दिवसाचा जुलैत रंगवला, तर फरक औषधाचा की लेसरचा हे कोणी सांगू शकणार नाही.

आता खरा मुद्दा. एफएलटी३च्या बाबतीत डोस ठरवायला सगळ्यांत उपयोगी पडलेलं मोजमाप रुग्णाच्या पेशींवर झालेलंच नाही. ते झालं रुग्णाच्या प्लाझ्मावर.

जॉन्स हॉपकिन्समध्ये मार्क लेविस आणि सहकाऱ्यांनी २००६च्या सुमारास ही पद्धत मांडली: प्लाझ्मा इन्हिबिटरी अ‍ॅक्टिव्हिटी, थोडक्यात पीआयए. औषध घेणाऱ्या रुग्णाचा प्लाझ्मा घ्यायचा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, एफएलटी३-आयटीडी (एफएलटी३ सतत चालू ठेवणारा जनुकीय बदल) असलेल्या पेशी, उदाहरणार्थ मोल्म-१४, त्या प्लाझ्मात थोडा वेळ ठेवायच्या. मग पेशी फोडून एफएलटी३ ओढून काढायचं आणि त्यावर किती फॉस्फोटायरोसिन उरलं ते वेस्टर्न ब्लॉटवर बघायचं. तुलना त्याच रुग्णाच्या औषध सुरू होण्यापूर्वीच्या प्लाझ्माशी. वेस्टर्न ब्लॉटवर भागेल का, या प्रश्नाचं उत्तर इथे 'हो' आहे, कारण सगळ्या पेशी एकाच जातीच्या आहेत. रुग्णाच्या मॅरोत (अस्थिमज्जेत) लिम्फोसाइट, मोनोसाइट, ब्लास्ट सगळे मिसळलेले असतात. तिथे ब्लॉट सरासरी दाखवतो आणि सरासरी कोणाचीच नसते.

या पद्धतीची गरज का पडली हे लेस्टॉर्टिनिब या एफएलटी३ रोखणाऱ्या औषधाच्या कथेत दिसतं. बशीतल्या पेशींवर हे औषध फार कमी सांद्रतेत एफएलटी३ बंद करायचं. पण बशीत साधारण दहा टक्के सीरम असतं, रुग्णाच्या शिरेत शंभर टक्के प्लाझ्मा. त्या प्लाझ्मात अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन असतं आणि ते या रसायनकुळातल्या औषधांना घट्ट धरून ठेवतं. शिवाय ते आजारपणात, तापात, जंतुसंसर्गात वाढतं, म्हणजे एएमएलच्या रुग्णात नेमकं नको तेव्हा. औषधाची रक्तातली एकूण पातळी भरघोस दिसते, पण माल हमालाच्या डोक्यावरून खाली उतरतच नाही. एचपीएलसीवर एकूण सांद्रता मोजणाऱ्याला हे कळत नाही. पीआयए मोकळ्या औषधाचा प्रत्यक्ष परिणाम मोजतं, म्हणून त्याला कळतं.

पहिल्यांदा उलटलेल्या, एफएलटी३चा बदल असलेल्या एएमएलच्या २२४ रुग्णांची चाचणी झाली. निकाल २०११ साली आले. एका गटाला केमो, दुसऱ्याला केमोनंतर लेस्टॉर्टिनिब. आजार ओसरण्याचं प्रमाण लेस्टॉर्टिनिबच्या गटात २६ टक्के, नुसत्या केमोच्या गटात २१ टक्के, आणि आयुष्यमानात फरक नाही. इथेच फाइल बंद झाली असती तर सगळ्यांनी एफएलटी३ हे लक्ष्यच चुकीचं ठरवलं असतं. पण त्यांनी प्रत्येक रुग्णाचा प्लाझ्मा राखून ठेवला होता. तपासल्यावर दिसलं की पंधराव्या दिवशी एफएलटी३ हवं तितकं, म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त, दबलेले रुग्ण होते फक्त ५८ टक्के. आणि दबलं होतं त्यांच्यात आजार ओसरण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त होती. म्हणजे लक्ष्य बरोबर होतं, औषध तिथे पुरत नव्हतं. अपयशी चाचणीतून एवढी कामाची माहिती मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे.

त्याच सुमारास दुसरी अडचण उघड झाली. केमोने मॅरो रिकामी झाली की शरीर एफएलटी३ लिगँड (एफएलटी३ला चालू करणारं प्रथिन) जोरात तयार करतं. रक्तातली त्याची पातळी अनेक पटींनी चढते आणि पुढच्या कोर्सला आणखी. लिगँड वाढलं की तेवढ्याच औषधात एफएलटी३ पूर्वीइतकं दबत नाही. तुमच्या चाचणीत रेणू केमोबरोबर द्यायचा असेल, तर एकट्या औषधावर काढलेला डोस तिथे जसाच्या तसा लावू नका, आणि प्लाझ्माच्या त्याच नळीतून लिगँडची एलायझा (पातळी मोजणारी चाचणी) करून घ्या. खर्च किरकोळ आहे.

पुढच्या पिढीच्या औषधांनी हा धडा वापरला. गिल्टेरिटिनिबच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २५२ रुग्ण होते, आणि रोज ८० मिलिग्रॅम किंवा जास्त डोसवर बहुतेकांमध्ये आठव्या दिवसापर्यंत फॉस्फोरिलेशन किमान ९० टक्के दबलेलं प्लाझ्माच्या परीक्षेत दिसलं. पुढे १२० मिलिग्रॅम हा डोस घेऊन ३७१ रुग्णांची अ‍ॅडमिरल चाचणी झाली: मध्यक आयुष्यमान ९.३ महिने, नेहमीच्या केमोवर ५.६. रुग्णांना सोसवेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा या जुन्या केमोच्या रिवाजापेक्षा लक्ष्य किती दबलं हे बघून निवडलेला डोस मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

तर तुमच्यासाठी: प्रत्येक केंद्राला प्लाझ्मा गोठवायला सांगा. औषधापूर्वीचा एक, आणि उपचार चालू असताना पुढची गोळी देण्याच्या अगदी आधीचा. दुसरा नमुना गोळीनंतर दोन तासांनी घेण्याचा मोह होतो, कारण तेव्हाचे आकडे देखणे येतात. एफएलटी३च्या बाबतीत ते आकडे निरुपयोगी आहेत. दोन डोसांमधल्या सर्वांत खालच्या पातळीला सिग्नल दबलेला राहिला का, हे बघायचं असतं.

सगळ्या ल्युकेमियात मात्र असं नसतं, आणि हा फरक प्रत्येक नव्या रेणूसाठी आधी तपासावा लागतो. सीएमएल या दीर्घकालीन रक्तकर्करोगात डॅसाटिनिबचं रक्तातलं आयुष्य काही तासांचं. सुरुवातीला म्हणून ते ७० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं जायचं. मग दिसलं की बीसीआर-एबीएल हे सीएमएल घडवणारं कायनेज थोडा वेळ का होईना, पण जोरात बंद केलं तर सीएमएलच्या पेशी मरणाच्या वाटेला लागतात आणि परत फिरत नाहीत. दिवसातून एकदा १०० मिलिग्रॅम पुरेसं ठरलं आणि फुफ्फुसाभोवती पाणी साचण्याचा त्रासही कमी झाला. तुमच्या पेशींना किती वेळ दाब हवा हे कळायला बशीत अगदी साधा प्रयोग पुरतो: दोन तास औषध, मग धुऊन टाका, ४८ तासांनी किती पेशी जगल्या ते मोजा, शेजारी सलग औषधातल्या पेशी ठेवा. हा प्रयोग रुग्णाकडून आलेल्या ताज्या पेशींवर आणि शक्य तर मानवी प्लाझ्मात करा.

पेशींवरच्या मोजमापाची परंपरा सीएमएलमधूनच आली आहे, तेव्हा त्याबद्दलही थोडं. बीसीआर-एबीएल रोखणाऱ्या इमॅटिनिबच्या १९९८ साली सुरू झालेल्या पहिल्या चाचणीत ८३ रुग्णांना २५ ते १००० मिलिग्रॅमपर्यंत डोस दिले गेले. सोसवेल तेवढा कमाल डोस सापडलाच नाही. ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांची रक्ततपासणी पूर्ववत झाली. त्या चाचणीत औषध लक्ष्यावर लागतंय का हे बघायला बीसीआर-एबीएलचं स्वतःचं फॉस्फोरिलेशन न बघता सीआरकेएल या त्याच्या हाताखालच्या प्रथिनाचं पाहिलं गेलं. कारण व्यवहारी आहे: पिकलेल्या पांढऱ्या पेशी फोडल्या की त्यांच्यातली प्रोटिएज बीसीआर-एबीएलचे तुकडे करून टाकतात, सीआरकेएल टिकतं. पुढे २००१ मध्ये इमॅटिनिबला न जुमानणाऱ्या रुग्णांत सीआरकेएलचं फॉस्फोरिलेशन परत आलेलं आढळलं. त्यावरून कळलं की आजाराने दुसरी वाट धरलेली नाही, तेच कायनेज पुन्हा चालू झालंय. मग शोध नेमका तिथे घेतला गेला आणि ९ पैकी ६ जणांत टी३१५आय हा कायनेजमधला, औषध बसू न देणारा बदल सापडला. सिग्नल परत येऊन आजार उलटला तर नवं, जास्त घट्ट बसणारं औषध हवं. सिग्नल दबलेला असूनही उलटला तर त्याच लक्ष्यावर आणखी रेणू बनवण्यात अर्थ नाही. औषधशोधाच्या दृष्टीने हा एवढा एक निर्णय जरी मोजमापातून मिळाला, तरी खर्च वसूल झाला.

दुसरा प्रकार तुम्हाला एएमएलमध्ये नक्की भेटणार. एफएलटी३ इनहिबिटर दिले की रक्तातल्या ब्लास्ट झपाट्याने नाहीशा होतात, मॅरोतल्या मात्र चिवटपणे राहतात. मॅरोच्या आधारपेशी बाहेरून असे संकेत देतात की एफएलटी३ बंद असतानाही ईआरके (वाढीचा संकेत पुढे नेणारं कायनेज) चालू राहतं. शिवाय गिल्टेरिटिनिबवर आजार उलटलेल्या रुग्णांत रास मार्गातले (ईआरके चालू करणाऱ्या साखळीतले) बदल असलेले क्लोन वर आलेले दिसतात, आणि त्यांनाही ईआरके चालू ठेवायला एफएलटी३ची गरज नसते. म्हणून शिरेतल्या रक्तावर समाधान मानू नका; प्रोटोकॉलमध्ये निदान एक मॅरो ठेवा आणि तिचा पहिला ओढा (सुईने खेचलेला पहिला भाग) फॉस्फो-फ्लोसाठी मागून घ्या. नंतरच्या ओढ्यांत रक्तच जास्त येतं.

सिग्नल पूर्ण बंद आणि पेशी तरीही जिवंत, असंही होतं. सीएमएलच्या मूळ पेशींमध्ये इमॅटिनिब बीसीआर-एबीएल व्यवस्थित दाबतं, तरी त्या मरत नाहीत. तेव्हा फॉस्फोच्या आकड्याशेजारी पेशीच्या मरणाचं काहीतरी मोजमाप हवंच: अ‍ॅनेक्सिन, कॅस्पेज-३, काहीही.

आणि एक उलटा प्रकार लक्षात असू द्या. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी व्हेमुराफेनिब घेणाऱ्या एका रुग्णाची, एनरास या रास जनुकात बदल असलेली सीएमएमएल (एक रक्तकर्करोग) त्या औषधाने भडकली, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. बीराफ रोखणारं ते औषध रास बदललेल्या पेशींत ईआरके दाबण्याऐवजी चढवतं. तुमच्या रेणूच्या पॅनेलमध्ये 'कमी झालं का' एवढंच न बघता 'कुठे वाढलं का' हेही बघा.

आता मार्कर. एफएलटी३-आयटीडीसाठी पी-स्टॅट५ ('पी' म्हणजे प्रथिनाचं फॉस्फेट चढलेलं रूप) मुख्य, कारण आयटीडी त्या मार्गाला विशेष जोराने चालवतं. बरोबर पी-ईआरके आणि पी-एस६. पी-एस६ भरपूर उजळ दिसतं आणि पीआय३के व रास या दोन्ही संकेतमार्गांकडची खबर देतं. म्हणून ते नेमकं कुठून आलं हे एकट्याने सांगत नाही. पी-एकेटी सगळ्यांना हवं असतं, पण प्राथमिक पेशींत त्याचा सिग्नल इतका फिका असतो की मी ते शेवटी ठेवतो. पेशी ओळखायला सीडी४५, सीडी३४, सीडी३८, सीडी३३. आतल्या अँटिबॉडी आत जाण्यासाठी गार मिथेनॉल लागतं आणि मिथेनॉल पीई, एपीसी यांसारख्या प्रथिनजन्य रंगांची वाट लावतं. म्हणून ते रंग मिथेनॉलनंतर लावा आणि मिथेनॉल सोसणारे अँटिबॉडीचे क्लोन आधी निवडून ठेवा. नमुन्यातल्याच निरोगी लिम्फोसाइट हा फुकटचा अंतर्गत संदर्भ आहे, तो वापरा.

फक्त मूळ स्थितीतला सिग्नल मोजू नका. स्टॅनफर्डमध्ये गॅरी नोलन यांच्या प्रयोगशाळेतून २००४ साली आलेल्या कामात एएमएलच्या पेशींना सायटोकाइनने (पेशींना संकेत देणाऱ्या प्रथिनाने) चेतवून, चेतवण्यापूर्वीची आणि नंतरची स्थिती पेशीगणिक मोजली होती. शांत स्थितीत सारखे वाटणारे रुग्ण चेतवल्यावर वेगवेगळे निघाले, आणि त्या फरकाचा एफएलटी३च्या बदलाशी आणि केमोच्या परिणामाशी संबंध दिसला. तुमच्यासाठी तीन नळ्या पुरतील: नुसती, जीएम-सीएसएफ या सायटोकाइनने पंधरा मिनिटं चेतवलेली, आणि एफएलटी३ लिगँडने चेतवलेली. जीएम-सीएसएफने पी-स्टॅट५ हललंच नाही, तर एकतर पेशी मेल्यात किंवा प्रयोग बिघडलाय. तो नमुना निकालातून काढायचा. हा नियम चाचणी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवा. अर्थात चेतवण्यासाठी जिवंत पेशी लागतात, म्हणून हा भाग मुंबईतल्या केंद्रांपुरताच ठेवा. बाहेरगावाहून फिक्स केलेला नमुना आणि प्लाझ्मा एवढंच मागा.

लक्ष्य किती व्यापलं गेलं यावरून डोस खाली आणता येतो का, हेही विचारण्यासारखं आहे. सीएलएल या लिम्फोसाइटच्या रक्तकर्करोगात इब्रुटिनिबचा ठरलेला डोस ४२० मिलिग्रॅम. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये थोड्या रुग्णांवर तो २८० आणि मग १४०पर्यंत उतरवून पाहिला, तरी बीटीके हे त्याचं लक्ष्य जवळजवळ पूर्ण व्यापलेलं राहिलं. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून कोणी आपल्या मनाने गोळ्या कमी करू नयेत. पण औषध आयुष्यभर, स्वतःच्या खिशातून घ्यायचं असतं त्या देशात हे मोजमाप पहिल्याच टप्प्यात करून ठेवायला हवं. चाचण्या संपल्यावर कमी डोस तपासायला कंपनी पैसे घालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मास सायटोमेट्री: आत्ता नको. चाळीस मार्कर एकावेळी मिळतात आणि मिथेनॉलने रंग मरण्याची अडचण राहत नाही, कारण रंगाऐवजी धातूचे समस्थानिक असतात. लक्ष्यच ठाऊक नसताना, किंवा औषध सोसून उरलेल्या पेशी नेमक्या कोणत्या हे शोधताना ती लाजवाब आहे. पण तुमचं लक्ष्य ठरलेलं आहे, प्रश्न डोसचा आहे, आणि मशीन तासाला फार पेशी गिळत नाही. फिक्स केलेल्या नमुन्यांची एक जादा कुपी उणे ८० वर राखून ठेवा. रुग्णांच्या संमतीपत्रात पुढील संशोधनासाठी साठवणुकीचं कलम आत्ताच घाला आणि एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी कुपी असेल आणि हात लावता येणार नाही.